बिबटेरावांचा व्यायाम

आमच्या तालुक्यात माझ्याइतकं कुणी पळालं नसेल. आता मागं कुत्रं लागल्याशिवाय मी कधी पळालो नाही, ती गोष्ट वेगळी.

तर फार पूर्वी, पोट सुटलं की माणसं त्यावर हात फिरवून खूश व्हायची, तेव्हाची ही हकिकत. एका बिबट्याचं पोट सुटलं. तो चितळांच्या कळपाकडं आला नि लांबूनच म्हणाला, "उद्या सकाळपासून तळ्याभोवती सोबतीनं पळू. एकट्याला कंटाळा येतो हो."

पाडसं हुरळून लगेच पाय झटकायला लागली. म्हातारी हरणी मात्र त्याच्या मिशांकडं बघत राहिली. "काय खाऊन येणार?" तिनं विचारलं.

"छे, काकू! व्यायाम उपाशीपोटीच करायचा असतो."

"आणि पळायचं कसं?"

"तुम्ही पुढं, मी मागं. तुमचे पाय बघून शिकेन म्हणतो. पाडसांनी जरा सावकाश पळावं, एवढंच. संशय नका घेऊ, मी हल्ली काकडीवर आहे."

हरणीनं पाडसांना पाठीशी घेतलं. "संशय कसला, बिबटेराव? उद्या पोटभर काकड्या खाऊन या, आणि तुम्हीच पुढं पळा. आम्ही येतो मागनं, तुमचे पाय बघत."