शेवंतीची नाकाडी बाहुली

लाल लाल पांगाऱ्याच्या रानाला लागून एक झोपडी होती. अगदी इवलीशी! पाऊस आला की घरभर भांडी मांडायची आणि वारा आला की दार धरून बसायचं. तिथं शेवंती तिच्या आबांबरोबर राहायची. आबा लाकडाच्या बाहुल्या कोरायचे, रंगवायचे आणि बाजारात विकायचे. बाहुली विकली तर भाकरी, नाहीतर पाणी पिऊन झोप. आता आबा खूप म्हातारे झाले होते. हात थरथरायचा, पटाशी बोटाला लागायची. मग शेवंती धावत चिंधी आणून त्यांचं बोट बांधायची.

एके सकाळी ती रानात काटक्या वेचायला गेली. तर काय! पांगाऱ्याच्या खोडावर चिकट डिंकात एक पिटुकली परी अडकलेली. अंगात मोरपंखी झगा, केसांत दवाचे टपोरे मणी, आणि डोळ्यांत हे एवढं पाणी! शेवंतीनं परकराचं टोक ओलं केलं आणि फू फू करत तिचा नाजूक पंख अलगद सोडवला. वर आपल्यातली अर्धी भाकरीही तिला भरवली.

"गुणाची गं माझी बाय!" परी म्हणाली. "तुला दोन वर देते. पण नियम ऐक हं. स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि एकदा मागितलेला वर परत करायचा नाही."

शेवंतीनं क्षणभरही विचार केला नाही. "माझ्या आबांना पोटासाठी कध्धी राबावं लागू नये!"

छुम्! सोनेरी ठिणग्या भिरभिरल्या. शेवंती घरी येऊन बघते तो छप्पर नवंकोरं, आणि टोपलीत गरम भाकऱ्या, त्यावर लोण्याचा गोळा. कितीही खा, टोपली आपली भरलेलीच! शेवंतीनं पटाशी आणि रंगाच्या वाट्या उचलून थेट माळ्यावर टाकल्या.

"आबा, आता नुसतं बसायचं. कामाला हात लावाल तर खबरदार!"

आबा हसले आणि बसले. आज बसले, उद्या बसले. मग मात्र हसेनात. जेवेनात. गोष्ट सांगा म्हटलं तर म्हणायचे, "काही सुचत नाही गं बाळा." सकाळ झाली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. "उठून तरी करू काय?"

शेवंतीला लोणी गोड लागेना. ती रडत रडत रानात धावली. "परीताई, तो वर परत घे गं! माझे आबा सुकत चाललेत!"

"नियम म्हणजे नियम," परी हळूच म्हणाली. "पण मी फक्त पोटासाठीचं राबणं थांबवलं. पटाशी माळ्यावर कुणी टाकली?"

शेवंतीनं जीभ चावली. धूम पळत घरी आली आणि सगळं सामान आबांपुढे मांडलं. आबांनी मान फिरवली. "राहू दे पोरी. या थरथरत्या हातांचं आता काय काम?"

आता काय करावं? शेवंतीनं स्वतःच लाकूड घेतलं आणि बसली कोरत. एक डोळा वर गेला, एक खाली आला, आणि नाक... अगंबाई, नाक!

"आबा, हिचं असं का हो झालं?"

आबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. "अगं, हे नाक आहे की कांदाभजी? आण इकडे! नको, थांब. तूच धर, मी दाखवतो."

त्यांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. तिचा हात स्थिर होता आणि त्यांच्या हाताला वळण ठाऊक होतं. दोघांनी मिळून बाहुलीला लाल चोळी रंगवली, हिरवी साडी रंगवली. आबांच्या दाढीलाही थोडा हिरवा रंग लागला. संध्याकाळी आबांनी भाकरी मागून घेतली, तेव्हा शेवंतीला रडूच आलं. नाक मात्र त्यांनी तसंच ठेवलं. "मला आवडलीय ही नाकाडी," म्हणाले.

खिडकीत लुकलुक झाली. परी! "शेवंती, एक वर राहिलाय हं."

शेवंती तिच्या कानाशी गेली. "माझ्या आबांना रोज सकाळी काहीतरी नवीन सुचू दे."

परी खुदकन हसली. चांदीसारखा लख्ख उजेड झोपडीभर पसरला, नाकाडीच्या डोळ्यांत क्षणभर चमकला, आणि परी त्यात विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी कोंबडासुद्धा आरवला नव्हता. कुणीतरी शेवंतीचं पांघरूण ओढत होतं.

"शेवंते, ऊठ, ऊठ! आज आपण वाघाला चष्मा लावू या!"