केबलीची आठ दिवसांची परीक्षा

चेअरमन दिगंबरराव केळुसकरांच्या पोटात एकच दुखायचं. शेजारच्या कुंदाबाई इंटरनेटवरून परदेशातल्या मुलांना पेटी शिकवायच्या, आणि सोसायटीतले लोक आधी त्यांना नमस्कार करायचे, मग चेअरमनला.

महिन्याभरात बाईंची इंटरनेटची फायबर केबल जिन्यात तीनदा तुटली.

“उंदीर कुरतडतात हो,” दिगंबरराव सभेत म्हणाले. “आत केसाएवढी काच ती, टिकणार किती? आठ दिवसांत पुन्हा तुटली, तर जिन्यातून तुमची केबल बंद!”

“कबूल,” कुंदाबाई म्हणाल्या.

सातव्या दिवशी दुपारी जिना सामसूम होता. दिगंबररावांनी कुंदाबाईंच्या नावाची पट्टी नीट वाचली आणि त्या केबलीवर कात्री चालवली. घरात येऊन पाहतात तो टीव्हीवरची मॅच थिजलेली, आणि शेजारी पेटी जोरात सुरू!

ते तडक बाईंच्या दारात जाऊन ओरडले, “माझी केबल कशी तुटली?”

“उंदरानेच कुरतडली असेल,” बाई म्हणाल्या. “पण चेअरमनसाहेब, उंदीर शिकलेला दिसतो. परवा मी आपल्या दोन्ही केबलींवरच्या नावांच्या पट्ट्यांची अदलाबदल केली, तर त्याने बरोबर माझं नाव वाचून कुरतडलं.”

कात्री अजून दिगंबररावांच्या हातातच होती. ती लपवायला त्यांनी हात मागे नेला, तर मागे आरडाओरडा ऐकून आलेली अख्खी सोसायटी उभी.