अंगणवाडीचा काटा

डोंगरापलीकडच्या एका गावाशेजारी वजनकाटे बनवणारी एक कंपनी होती. तिथे केरूअण्णा अडतीस वर्षं एकच काम करत आले. तयार काटा समोर आला की त्याला खरं माप टांगायचं, काटा खरं बोलतो का बघायचं, आणि बोलत नसेल तर बाजूला काढायचा. निवृत्त झाले तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते आणि मनही शिणलं होतं. "आता खरं-खोटं बघणं बास झालं," असं ते बायकोला म्हणाले होते.

पण रिकामं बसवेना. मग त्यांच्यासारखेच निवृत्त झालेले जैनूभाई वायरमन आणि कंपनीच्या कॅन्टीनचे आचारी लक्ष्मणमामा यांना घेऊन ते दर मंगळवारी बाहेर पडू लागले. शाळेतला पंखा, देवळातला दिवा, कुणाचा तराजू, जे बिघडलं असेल ते फुकट दुरुस्त करून द्यायचं. लक्ष्मणमामांना दुरुस्तीतलं काही येत नव्हतं. ते पिशवी धरायचे आणि चहा करायचे.

एका मंगळवारी अंगणवाडीच्या मंदाताईने त्यांना बोलावलं. मुलांना झोळीत बसवून वजन करायचा काटा करकरत होता.

अण्णांनी आपलं माप टांगलं. माप आठ किलोचं, काटा दाखवत होता दहा.

"स्प्रिंग सैल पडलीय," अण्णा म्हणाले. त्यांनी नवी स्प्रिंग बसवली, माप पुन्हा टांगलं, काटा आठावर येऊन थांबला. अडतीस वर्षांची सवय. त्यांना बरं वाटलं.

मग मंदाताईने एकेक मूल झोळीत घातलं. महिन्यापूर्वी तक्त्यावर सगळी मुलं हिरव्या पट्ट्यात होती. आता त्यातली अकरा लाल रेघेच्या खाली गेली.

मंदाताईने हातातली पेन्सिल खाली टाकली.

"अण्णा, हे काय केलंत? या अकरा पोरांच्या घरी आता रोज जायचं, खाऊ घालायचं, दवाखान्यात न्यायचं, वर साहेबांची बोलणी खायची. आणि मी एकटी! चार वाड्या आहेत माझ्याकडे. टाचा बघा माझ्या, भेगांनी फुटल्यात." तिने डोळ्यांना पदर लावला. "जुनी स्प्रिंग होती तेवढी परत बसवा. चाललं होतं ना आजपर्यंत?"

अण्णांनी तिच्या टाचांकडे पाहिलं. त्यांचा स्वतःचाही गुडघा सकाळपासून ठणकत होता. आपण मदत करायला आलो, भांडायला नाही, असं त्यांनी मनाला समजावलं. हो-नाही करायचंही त्यांच्या अंगात त्राण नव्हतं.

"तुमचा काटा, तुमची मर्जी," असं म्हणून त्यांनी जुनी स्प्रिंग परत बसवली.

पुढच्या मंगळवारी तिघे सरकारी दवाखान्यात पंखे दुरुस्त करत होते. इतक्यात एक बाई मुलीला कडेवर घेऊन धावत आली. मुलगी अडीच वर्षांची, जुलाबांनी मान टाकलेली. डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आठ किलोसुद्धा नाही. इतकी वाळेपर्यंत आणली का नाही हिला?"

"काटा बिघडलाय तुमचा, डॉक्टरसाहेब," ती बाई म्हणाली. "मागल्याच आठवड्यात मंदाताईंच्या अंगणवाडीत दहा भरली होती. ताई म्हणाल्या, चांगली आहे पोरगी. मला बारीक वाटायची, पण म्हटलं, काटा काय खोटं बोलेल?"

अण्णांनी हातातली पक्कड खाली ठेवली. ते म्हणाले, "बाई, इथला काटा बरोबर आहे. तुमच्या गावचा खोटा आहे. मला ठाऊक होतं."

ती बाई त्यांच्याकडे पाठ फिरवून मुलीचे पाय चोळू लागली. तिने शिव्या दिल्या असत्या तर अण्णांना सोसलं असतं.

डॉक्टरांनी मुलीला सलाईन लावलं. ती शुद्धीवर येऊन पाणी मागेपर्यंत अण्णा दवाखान्याच्या पायरीवरून हलले नाहीत. मग जेवायलाही न जाता जैनूभाई आणि लक्ष्मणमामांना घेऊन ते तडक अंगणवाडीत गेले. त्यांनी सगळं सांगितलं, तशी मंदाताई भिंतीला टेकून रडायला लागली.

"रडू नकोस पोरी. चूक माझी आहे. काट्यातलं तुला कळत नव्हतं, मला कळत होतं. पण एक चूक त्याच्याही आधीची आहे. अकरा पोरांचं ओझं तुझ्या डोक्यावर टाकून मी पिशवी उचलून निघालो होतो." त्यांनी नवी स्प्रिंग बसवली आणि मागे वळून पाहिलं. "चार घरं माझी. जैनूभाई, तुमची?"

"माझी कंबर धरलीय, अण्णा."

"माझे गुडघे धरलेत."

जैनूभाईंनी सुस्कारा सोडला. "बरं, तीन घरं द्या. चढावरची नकोत."

उरलेली चार मंदाताईने घेतली. आणि लक्ष्मणमामा, जे आजवर पिशवीच धरत होते, ते म्हणाले, "कॅन्टीनमध्ये चारशे माणसांचं रांधलंय मी. घरात नाचणी आणि शेंगदाणे असतील तर पोरं मिटक्या मारत खातील असं काहीतरी करायला शिकवतो आयांना."

त्यानंतरचे चार महिने काही सुखाचे गेले नाहीत. ऊन होतं, कुत्री अंगावर यायची, एका आजीने तर "आमचं पोर काय उपाशी मरतंय का?" म्हणून अण्णांना दारातूनच पिटाळलं. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. एक घर मुलाला घेऊन ऊसतोडीला निघून गेलं, ते मूल हातचं सुटलंच. तीन मुलं अजून रेघेखाली होती. सात मात्र वर आली.

दवाखान्यातल्या त्या मुलीला तिच्या आईने स्वतः झोळीत बसवलं. काटा हलला, डुलला आणि दहाच्या थोडा पुढे थांबला. आई जागची हलली नाही.

"अण्णा, हे दहा खरे आहेत ना?"

"खरे आहेत," अण्णा म्हणाले. मग भिंतीचा आधार घेत ते जरा दम खायला खाली बसले, कारण अजून चढावरचं एक घर राहिलं होतं.

तात्पर्य इतकंच: खरं दाखवून देणं हे अर्धं काम. त्या खऱ्याचं ओझं उचलायला हात लावला, तरच ते पुरं होतं.