बेचाळीस हजर, तीन गैरहजर

एकदा एका घाऊक औषधविक्रेत्याने गोदामासाठी मोठी संगणकप्रणाली घेतली. कोणते औषध कोणत्या रुग्णालयात गेले, कशाची मुदत कधी संपते, हे सारे यापुढे तिच्यातच राहणार होते. ती बसवण्याचे काम एका तरुण शिष्याकडे होते. त्याचे गुरू म्हणजे कचेरीच्या दफ्तरखान्यात उभी हयात घालवलेले एक वृद्ध. "गुरुजींनी तपासून सही केली, की सोमवारी नारळ फोडू," व्यापारी म्हणाला. मुहूर्त त्याने प्रणालीपेक्षा अधिक चौकशी करून निवडला होता.

शिष्य निर्धास्त होता. बेचाळीस कर्मचाऱ्यांची बेचाळीस खाती आणि प्रत्येकाचा पासवर्ड असा, की ज्याचा त्यालाही आठवू नये.

वृद्ध आले. संगणकाकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"प्रणालीतली सगळी नावे छापून दे. आणि मंडळींना अंगणात बोलाव."

"कशाला, गुरुजी?"

"हजेरी घ्यायची आहे."

माणसे ओळीने उभी राहिली. हमाल हसू दाबत होते. वृद्ध चष्मा पुसून एकेक नाव पुकारू लागले.

"हजर."

"हजर."

"हा काय, समोरच उभा आहे की!"

बेचाळीस झाली. शिष्याने कागदासाठी हात पुढे केला. पण वृद्ध थांबले नाहीत.

"प्रशासक."

कोणी बोलेना.

"देखभाल... पाहुणा."

शिष्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

"हे तिघे कोण?" व्यापाऱ्याने विचारले.

"ते प्रणालीबरोबरच येतात, शेठ. मी त्यांना हात लावला नाही."

"त्यांचे पासवर्ड?" वृद्धांनी विचारले.

"माहितीपुस्तिकेत. शेवटच्या पानावर."

"आणि पुस्तिका?"

"प्रणाली घेणाऱ्या प्रत्येकाकडे असते."

वृद्ध आत गेले. पुस्तिका शेजारी ठेवून, एका बोटाने टंकत ते प्रशासक झाले. "हे खोकल्याचे औषध गेल्या महिन्यात बाद झाले होते ना? आता पुढच्या दिवाळीपर्यंत चालेल. पाजा लेकरांना." मग त्यांनी तारीख पूर्ववत केली.

"आमच्या कचेरीत," वृद्ध शांतपणे म्हणाले, "नवे साहेब रुजू झाले, की खुर्चीत बसण्याआधी कपाटांची कुलुपे बदलत. जुने साहेब चोर होते म्हणून नव्हे. किल्ली कोणाकोणाच्या खिशात राहिली, हे देवालाही ठाऊक नसे म्हणून. तू हजर माणसांवर पहारा बसवलास, बाळ. हजर माणूस फार तर उशिरा येतो आणि दोनदा चहा पितो. पण सगळे अधिकार असून ज्याची हजेरीच लागत नाही, त्याच्या नावाने कोणीही आत शिरतो."

"मग तिघांनाही काढून टाकू?"

"पाहुण्याला निरोप दे. देखभालीला कुलूप लाव; दुरुस्तीपुरते काढ. प्रशासकावाचून घर चालत नाही. त्याला नवी किल्ली दे, ती लाखबंद पाकिटात ठेव, आणि उघडणाऱ्याची सही घे."

सोमवार हुकला. नारळ बुधवारी फुटला. पाणी तेवढेच निघाले.

शिष्याचेही केस आता पिकले आहेत. नवी प्रणाली बसवली, की तो अजून माणसांना अंगणात उभे करतो. नवी मुले हसतात. माणसांची नावे संपली, की यादीतली उरलेली नावेही तो सावकाश पुकारतो आणि प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबतो. गुरुजींचे नाव कोणत्याच यादीत नसते. त्या शांततेत नेमके तेच हजर असते.