सुंद्राक्काचा माग

फार वर्षं झाली. हिवरदऱ्याच्या माळावर तेव्हा माणसांपेक्षा मेंढरं जास्त होती, आणि सनगरांच्या घरोघरी जमिनीत खड्डा करून माग बसवलेला होता. खड्ड्यात पाय सोडून पुरुष घोंगडी विणायचे, बायका लोकर कातून द्यायच्या. ताण्यातून सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचा खटखटाट ऐकून गाव जागं व्हायचं, असं म्हणतात.

मग बिरोबाच्या जत्रेत गिरणीची कांबळी आली. लालभडक, मऊ, वजनाला हलकी. विकणाऱ्याने देवळाच्या वाटेवरच पाल ठोकलं आणि समोर ढोलवाला उभा केला. सनगर मागे बाभळींच्या कडेला बसले. त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नाही. दोन-तीन जत्रा अशाच गेल्या. घोंगड्यांचे गठ्ठे गेले तसे परत आले, आणि एकेका घरातला माग बंद पडत गेला.

म्हाकाप्पा सनगरानेही ठरवलं, की आता माग मोडायचा आणि चुलीला लावायचा. त्याची बायको सुंद्राक्का. बोलायला कमी, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. आयुष्यभर तिने सूत कातलं होतं आणि कातता कातता नवऱ्याचे हात पाहिले होते. त्याने कुऱ्हाड उचलली तेव्हा ती मागाला पाठ लावून उभी राहिली.

"मोडायचाच आहे तर जत्रेनंतर मोडा," ती म्हणाली. "एक जत्रा मला द्या."

तिने माग उकलला, गाढवावर लादला आणि जत्रेच्या दिवशी उजाडताच देवळासमोरच्या मोकळ्या जागेत कुदळ मारली. बाई खणतेय म्हटल्यावर माणसं थबकली. कुणी म्हणालं, धन पुरलंय. कुणी म्हणालं, डोकं फिरलंय. पुजारी धावत आला. देवाच्या दारात खड्डा कशाला, असं त्याने दरडावून विचारलं.

सुंद्राक्काने घाम पुसला. "देवाला पांघरूण विणायचंय," ती म्हणाली.

हे ऐकताच पुजाऱ्याने देवळाकडे हात जोडले. तो बाजूला झाला.

म्हाकाप्पा लाजेने बाभळीखाली तोंड फिरवून बसला होता. बाईमाणसाने धोटा हातात घेतलेला तोवर कुणी पाहिला नव्हता. माग बसवून सुंद्राक्का खड्ड्यात उतरली. पहिल्यांदा धोटा अडला, दुसऱ्यांदा सूत तुटलं. गर्दीतून हसू आलं. तिने सूत जोडलं आणि नवऱ्याचे हात डोळ्यांसमोर आणले. मग धोटा असा पळाला, की बघणाऱ्यांच्या माना इकडून तिकडे होऊ लागल्या, असं म्हणतात.

एक म्हातारा धनगर पुढे आला. देवासाठी म्हणून त्याने आपल्या मेंढराची मूठभर लोकर तिच्यापुढे ठेवली. त्याचं पाहून दुसऱ्याने ठेवली. बायका तिथेच बसून कातू लागल्या. ज्याला हौस त्याला ती धोटा मारू द्यायची. एका बाईने घोंगडीवर हात फिरवला आणि टोचतं म्हणाली.

"मेंढीलाही टोचत असेल," सुंद्राक्का म्हणाली, "पण तिला थंडी शिवत नाही."

सूत काही संपेना. घोंगडी वाढत वाढत देवळाच्या पायरीला टेकली. तिच्यावर चिंचोक्याची खळ चढवली, ती वाळली, आणि चार धनगरांनी चार टोकं धरली. पाणक्याने अख्खी पखाल मधोमध रिकामी केली. खाली थेंब पडला नाही. पाणक्याचा रेडा त्या घोंगडीतूनच पोटभर पाणी प्याला, असं म्हणतात. ढोलवाल्यानेही ढोल उतरवला आणि तो बघायला आला.

देवाची घोंगडी विकाऊ नव्हती. तेव्हा लोक विचारू लागले, अशी दुसरी कुठे मिळेल? सुंद्राक्काने बाभळींकडे बोट केलं. गर्दी तिकडे वळली आणि दिवस कलायच्या आत सनगरांच्या पालात टेकायला गठ्ठा उरला नाही.

म्हाकाप्पा उठून आला. बायकोच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. तो खड्ड्यात उतरला, तिच्या शेजारी बसला आणि तिने मागावर लावलेल्या दुसऱ्या घोंगडीचा शेवटचा काठ त्याने विणला.

सुंद्राक्का पुढे कधी गेली, तिला कुठे माती दिली, हे कुणालाच ठाऊक नाही. ती गेलीच नाही, देवाच्या घोंगडीत सूत होऊन राहिली, असंही म्हणतात.

अजूनही हिवरदऱ्याच्या जत्रेत आधी देवळासमोर खड्डा खणतात. गावातली एखादी सून त्यात उतरते, येणारा-जाणारा मूठभर लोकर ठेवतो, आणि धोट्याचा पहिला आवाज झाल्याशिवाय एकही दुकानदार पालाचा पडदा उचलत नाही. आणि नवा धंदा मांडून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेल्याला थोरली माणसं सांगतात, "बाबा, खड्ड्यात उतर." दुसऱ्या गावात ही शिवी झाली असती. हिवरदऱ्यात तो आशीर्वाद आहे.