आडवी स्कूटर

केतकी कॉलनीत रस्त्याच्या एका बाजूला सम तारखेस आणि दुसऱ्या बाजूला विषम तारखेस गाडी लावायला बंदी होती. पण रंगाऱ्याने दोन्ही पाट्यांवर ‘सम तारखेस वाहन उभे करू नये’ असेच रंगवून ठेवले.

बारा तारखेला फौजदार धुमाळ टोइंगची गाडी घेऊन थेट विषम तारखेच्या बंदीच्या बाजूला उभ्या असलेल्या सुमतीबाई आठल्यांच्या स्कूटरपाशी आले. सासूबाईंना पायाच्या ड्रेसिंगला न्यायची वेळ झाली होती.

“साहेब, पाटीच चुकलीय हो!”

“बाई, आम्ही पाटीवरचं अक्षर पाळतो. उभी गाडी दिसली की उचलणार.”

“अक्षर न् अक्षर?”

“काना-मात्रेसकट!”

सुमतीबाईंनी पदर खोचला आणि स्कूटर अलगद रस्त्यावर आडवी केली. “आता सांगा, कुठे उभी आहे?”

सगळी गल्ली हसली. धुमाळ गरजले, “उचला रे ती!”

“खुशाल उचला. पण उचलताना जो तिला उभी करील, त्याच्या नावाने पावती फाडा.”

टोइंगवाल्यांनी पुढे केलेले हात मागे घेतले. मग धुमाळांनाही हसू आवरेना. त्यांनी स्वतःच स्कूटर उभी करून दिली.

“न्या सासूबाईंना. पाटी सुधारेपर्यंत इथे कुणाचीच पावती फाटणार नाही. माझीसुद्धा!”