खालच्या फळीवरच्या बाटल्या

"आणि अपयशाचं काय लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

प्रल्हाद गुंजाळ वाचता वाचता थांबला.

हातात अकरा पानं होती. त्याला वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या खांबेटेबाईंच्या पंचाहत्तरीला गौरवग्रंथ निघणार होता आणि त्यासाठी त्याने त्यांचं चरित्र लिहिलं होतं. छापायला देण्याआधी ते बाईंना वाचून दाखवावं म्हणून तो पुण्याहून साताऱ्याला आला होता. एका मोठ्या संस्थेचा संचालक, दिमतीला ड्रायव्हर, तरी गाडी स्वतः चालवत आला होता. येताना कुणाशी बोलायला नको होतं त्याला.

"गौरवग्रंथात अपयश कोण लिहितं, बाई?"

"मग हे माझं चरित्र नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी आहे. चांगली दिसते ती बाई. कधी भेटव."

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरची खोली. चहा करताना बाईंना दुसरा कप शोधावा लागला होता. "कोणी येतं का इकडे?" असं त्याने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "येतो ना. गॅसवाला."

चौतीस वर्षं ज्यांच्या हाताखाली पोरं घडली, त्यांच्याकडे आता गॅसवाला येत होता. प्रल्हादला शरम वाटली. तो स्वतः चार वर्षांनी आला होता.

"नरक्याचं लिही," बाई म्हणाल्या.

नेमकं तेच त्याने टाळलं होतं.

नरक्या हे सह्याद्रीतलं झाड. औषधासाठी लोक ते मुळासकट उपटून नेत, म्हणून बाईंना ते प्रयोगशाळेत वाढवायचं होतं. पानाचा तुकडा बाटलीत ठेवायचा, त्यातून पेशींचा गोळा वाढवायचा आणि बी न पेरताच रोप काढायचं. गोळ्यावर बारीक दाणे धरले की जिंकलं. एकेका दाण्यात एकेक रोप.

"लिही. सतरा वर्षं घातली, एक रोप निघालं नाही."

"बाई..."

"कारणही लिही. मला वाटायचं, बाटल्या न हलवता अंधारात पुष्कळ दिवस ठेवल्या तर दाणे धरतील. चुकीचं होतं ते. सात महिने ठेवल्या आणि बुरशी आली. तूच तर पाहिलीस."

पाहिली होती. सव्वीस वर्षांपूर्वी. बाई सोळा दिवस आईच्या आजारपणात अडकल्या होत्या आणि बाटल्या ठेवायच्या खोलीची, वाढकक्षाची किल्ली त्यांनी त्याच्याकडे दिली होती, बाकी कुणाकडे नाही. विद्यापीठात पहिला आलेला पोरगा तो, जमिनीवर पाय नव्हते त्याचे. एका सकाळी खालच्या फळीवरच्या बेचाळीस बाटल्यांमध्ये त्याला पांढरं दिसलं. बुरशी दिसली की वाट पाहायची नाही, बाटली उघडायची नाही, तशीच कुकरमध्ये घालून उकळायची, हा नियम. त्याने सगळ्या उकळल्या. बाकीच्या फळ्या वाचवल्या म्हणून त्या दिवशी स्वतःवर खूशही झाला.

"त्यानंतर मी दर महिन्याला गोळे नव्या बाटल्यांत हलवत राहिले," बाई म्हणाल्या. "निवृत्त होईपर्यंत. बारा वर्षं. पुन्हा बाटल्या तशाच ठेवायचा धीर झाला नाही."

"बाई, ती बुरशी नव्हती."

...

हे वाक्य इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. बाहेर पडल्यावर ते केवढंसं वाटलं.

"दाणे होते," तो म्हणाला. "तुम्ही म्हणत होता तेच. मी कधी पाहिलेच नव्हते, म्हणून मला ओळखता आले नाहीत. नंतर परदेशात एका दुसऱ्या झाडावर तसेच दाणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि... तेव्हा कळलं, मी काय उकळलं होतं ते."

"केव्हा?"

"एकोणीस वर्षं झाली."

बाईंनी हिशेब केला. तो त्याला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

"तेव्हा मी कामावर होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्यानंतरही पाच वर्षं होते."

"हो. पत्र लिहायला बसलो होतो, बाई. दोनदा. धीर झाला नाही. मग इकडे परत आलो, नाव झालं, लोक म्हणायला लागले की गुंजाळांची नजर चुकत नाही. मग तर कसं सांगणार होतो?"



खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. चार-पाच किका मारून झाल्या, मग तोही आवाज थांबला.

प्रल्हाद शिव्यांची वाट पाहत होता. बाईंची जीभ काय चीज होती हे त्याला ठाऊक होतं. एकदा एका मुलाने बाटलीवर तारीख लिहिली नाही म्हणून त्या त्याला आठ दिवस घालूनपाडून बोलल्या होत्या. आज त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तो सुटला असता. सुटण्यासाठीच तर आला होता.

"काहीतरी बोला," तो म्हणाला. "चालता हो म्हणा. हे चरित्र दुसऱ्या कुणाला तरी लिहू दे म्हणा. नाहीतर... माफ केलं म्हणा."

बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. आता त्या दार उघडतील असं त्याला वाटलं. त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.

खोली एकदम शांत झाली.

परत येऊन त्या त्याच्या समोर बसल्या, अगदी जवळ. चष्मा काढून मांडीवर ठेवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो बाईंचे डोळे चष्म्याशिवाय पाहत होता. ते त्याच्याकडे बघत नव्हते. कुठेतरी लांब, खाली, एखाद्या फळीकडे बघावं तसे बघत होते.

"सगळ्या बाटल्यांत होते?"

"सगळ्या." त्याचा आवाज फुटला. "बेचाळीसच्या बेचाळीस."

"मी नाही पाहिले," त्या म्हणाल्या. "मी कधीच नाही पाहिले. जगात पाहिलेला तू एकटा."

प्रल्हाद रडायला लागला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, मांडीवर अकरा पानं घेऊन, नाक ओढत, लहान पोरासारखा.

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"ते नंतर," त्या म्हणाल्या. "पांढरे म्हणजे... कसे पांढरे?"